मॅनेजरच्या होडीतली जागा

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, मॅसॅच्युसेट्समध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मी मासे पकडायला शिकलो. मी जन्मात मासा खाल्लेला नाही. आमच्या घरात कुणीच खात नाही. शिकलो ते नोकरी जाऊ नये म्हणून.

हे वाचायला विचित्र वाटेल, म्हणून आधी परिस्थिती सांगतो. आम्ही श्रूजबरीत राहत होतो. जवळच्याच एका कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोलमध्ये होतो. हा कारखाना ग्राइंडिंगची चाकं बनवायचा, म्हणजे पोलाद घासायला लागणारी दगडी चाकं. तयार मालातली थोडी चाकं उचलायची, ती तपासायची आणि त्यावरून न तपासलेल्या चाकांबद्दल अंदाज बांधायचा, हे माझं काम. मंदी आली, पोलादाचे कारखाने बंद पडायला लागले, तशी आमच्या चाकांची मागणीही आटली. एप्रिलमध्ये आमच्या खात्यातल्या बारा जणांपैकी पाच जणांना काढलं. वर्ष संपायच्या आत आणखी एक कपात होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोण जाणार ते ठाऊक नव्हतं.

माझ्याखेरीज उरलेल्या सहा जणांकडे मी बघत बसायचो. माझा स्वभावच तसा आहे. त्यांतले चौघं आमच्या मॅनेजरबरोबर शनिवारी नदीवर पाइक पकडायला जायचे. काढलेल्या पाचांपैकी एकही जण कधी गेलेला नव्हता. पाइक म्हणजे नदीतला लांब, हिरवट, बदकाच्या चोचीसारख्या तोंडाचा आणि त्या तोंडात भरगच्च दात असलेला मासा. आमच्या मॅनेजरला त्याचं वेड होतं. त्याच्या टेबलावर बायकोचा फोटो नव्हता, पाइकचा होता.

एका रात्री जेवणं झाल्यावर मी हे बायकोला सांगितलं. ती ओटा पुसत होती.

"अहो, ते चौघं जुने आहेत," ती म्हणाली. "वीस-वीस वर्षं झाली असतील त्यांना. म्हणून राहिले ते. मासे पकडतात म्हणून नव्हे."

"ते कळतं गं मला."

"तुम्हाला किती झाली?"

"सहा."

"मग?"

"मग काय? सहाची वीस करता येत नाहीत. होडीत बसता येतं."

तिने फडकं पिळलं, वाळत टाकलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "ते सगळं सामान गॅरेजमध्ये ठेवायचं. आणि नदीवरून आलात की आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात यायचं नाही."

तिचं म्हणणं बरोबर होतं हे मला तेव्हाही कळत होतं. ज्याचं सगळं आयुष्य आकड्यांत गेलंय त्याला एवढं कळतंच, की दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी होते असं नाही. ऑफिसात नव्या पोरांना मी हेच शिकवत असे. पण पंचेचाळिसाव्या वर्षी, मंदीत, आमच्या त्या देशी इंग्रजी उच्चारांनिशी बाहेर पडलो तर पुन्हा दारात कोण उभं करणार, याचंही उत्तर मला माहीत होतं. आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळातले एक इंजिनियर वर्षभर अर्ज करत होते. शेवटी घर विकून ते टेक्सासला, अर्विंगला, मेहुण्याच्या आसऱ्याने गेले. माझी मुलगी तेरा वर्षांची होती, मुलगा आठ. घराचं कर्ज नवंकोरं. रोज सकाळी कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडी उभी केली की कुणाकुणाच्या गाड्या आल्यात ते मी मोजायचो. नुसतं मोजत बसण्यापेक्षा काहीतरी करत असणं मला बरं वाटलं. एवढंच त्यामागचं शास्त्र.

एका घराच्या अंगणात जुन्या सामानाची विक्री चालू होती, तिथून रॉड आणि रीळ आणलं. एका म्हाताऱ्या बाईच्या नवऱ्याचं होतं. आमिषं मात्र दुकानातून नवी घेतली. पाइकला गांडूळ लावावं लागत नाही हे कळल्यावर मला फार हायसं वाटलं. त्याला खोटं आमिष चालतं. दांडी नसलेल्या चमच्यासारखा एक धातूचा तुकडा असतो, एका बाजूला लाल-पांढरा, दुसऱ्या बाजूला चकचकीत, शेपटाशी तीन तोंडांचा गळ. तो लांब फेकायचा आणि रीळ फिरवत ओढत आणायचा. पाण्यात तो डुलत येतो, माशाला जखमी मासोळी वाटते, आणि तो झडप घालतो. निदान पुस्तिकेत तसं लिहिलं होतं.

गळ काढून टाकून मी मागच्या अंगणात फेकायचा सराव करायला लागलो. पहिल्या दिवशी चमचा शेजाऱ्यांच्या छपरावर गेला. दुसऱ्या दिवशी दोरीचा असा गुंता झाला की सोडवता सोडवता संध्याकाळ झाली. मुलगी मागच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसली होती.

"बाबा, यू डोन्ट इव्हन ईट फिश."

"खायला नाही गं शिकत."

"देन व्हाय?"

"हॉबी म्हणून."

"यू डोन्ट हॅव हॉबीज," असं म्हणून तिने पान उलटलं. ती चेष्टा करत नव्हती. तिला जे दिसत होतं ते तिने सांगितलं.

जूनपासून दर शनिवारी मी एकटाच नदीवर जायला लागलो. घरापासून पाऊण तासावर ती नदी होती. मंद, तपकिरी, दोन्ही काठांना पाणगवताच्या रांगा. लोखंडी पुलाच्या खाली थोडी मोकळी जागा होती, तिथे उभा राहायचो. चमचा फेकला की गवतात अडकायचा. ओढला की हिरव्या दोऱ्यांचा एक ओला पुंजका घेऊन यायचा. तो काढायचा, पुन्हा फेकायचा. कधी चमचा झाडावर, कधी तळातल्या ओंडक्यात, आणि मग ताणून दोरी तोडण्याशिवाय उपाय नसायचा. उन्हाळाभरात मला एकही पाइक लागला नाही. एकदा पाण्यात चमच्यामागोमाग एक लांब सावली आली, काठापाशी थांबली, आणि मी श्वास रोखून उभा असताना शांतपणे मागे फिरली. त्या दिवशी घरी येताना मी गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थोडा वेळ थांबलो होतो. रडलो नाही, पण काही फार वेगळंही नव्हतं ते.

लोक म्हणतात नदीकाठी मन शांत होतं. माझं होत नसे. प्रत्येक रिकाम्या फेकीबरोबर मला वाटायचं की ऑफिसातल्या यादीत आपलं नाव जरासं वर सरकलं. हे खुळं आहे हे कळायचं, आणि तरी वाटायचं.

ऑगस्टमध्ये एकदा जेवणाच्या सुट्टीत मी मॅनेजरच्या टेबलाशी जाऊन बसलो. सहा वर्षांत हे मी कधी केलं नव्हतं. माझा डबा उघडला आणि म्हणालो, "मी हल्ली पाइकसाठी जातो. एकही लागत नाही."

त्याने सँडविच खाली ठेवलं. तो धिप्पाड, लाल चेहऱ्याचा, कमी बोलणारा माणूस. तोपर्यंत आमचं बोलणं चाकांना तडे जाण्यापुरतंच असे.

"कुठे जातोस?" त्याने विचारलं. मी पुलाचं सांगितलं.

"दुपारी?"

"दुपारी."

"आत्ता, या उन्हात?" तो हसायला लागला. कुचकं हसणं नव्हतं ते. "अरे, पाणी गरम झालं की तो खोल जाऊन पडतो. तुझं आमिष त्याच्या डोक्यावरून जातंय. दोरीला पुढे पोलादी तार लावतोस ना?"

"नाही. तार लावली की चमचा कमी डुलतो. मी दोन्ही करून बघितलं."

"दात बघितलेस त्याचे? एका चाव्यात दोरी कापेल. कमी डुलू दे, पण तार लाव." मग त्याने कागदी रुमाल पसरला, पेनाने नदीचं वळण काढलं, कुठे गवत संपतं, कुठे पाणी खोल होतं, मासा कुठे तोंड करून उभा असतो, सगळं काढून दाखवलं. सहा वर्षांत तो माझ्याशी जेवढं बोलला असेल त्याहून जास्त त्या दहा मिनिटांत बोलला. उठताना म्हणाला, "ऑक्टोबरात पाणी गार होऊ दे. माझ्या होडीतून जाऊ आपण."

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं." आणि थोड्या वेळाने, "त्याने कपातीचं काही सांगितलं का?"

"अजून नाही."

सप्टेंबरात शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये मंडळाचा गणपती बसला. माझ्या मासेमारीची बातमी तिथे आधीच पोचली होती. आमचे एक नागपूरचे मित्र लांबूनच ओरडले, "काय राव, कोळीवाड्यात बदली झाली म्हणे तुमची!"

"अजून प्रोबेशनवर आहे," मी म्हणालो.

"एखादा लागला की आम्हाला फोन करा यार. तुमच्याकडे वाया जायचा. आम्ही खाणारे आहोत."

एक वयस्क काकू तबक घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आरती घ्यायच्या आधी हात नीट धुवा हो." सगळे हसले, मीही हसलो. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "कंपनी काय म्हणतेय? ठीक ना?" मी म्हणालो, "ठीक." बायको प्रसादाचे द्रोण भरत होती. तिने वर बघितलं नाही, पण तिचा हात क्षणभर थांबलेला मला दिसला.

ऑक्टोबरच्या मधल्या एका शुक्रवारी मॅनेजर माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "उद्या. सहाला धक्क्यावर." त्याचा चेहरा उतरलेला होता. मला वाटलं, दमला असेल. बायकोने पहाटे उठून थालीपीठं लावली, दह्याचा डबा भरला, चार केळी ठेवली. दारात मला म्हणाली, "सरळ विचारा त्याला. घुटमळू नका. असेल ते एकदा कळू दे."

गवतावर दव गोठलेलं होतं. मॅनेजर पत्र्याची छोटी होडी पाण्यात लोटून उभा होता. माझी पिशवी उचलून घेताना त्याने आत बघितलं आणि थबकला.

"केळी?"

"न्याहारीला."

"होडीत केळी नाही चालत." मला वाटलं, गंमत करतोय. पण तो होडीत पाय ठेवेना. "अपशकुन असतो तो. माझा बापही नेऊ देत नसे. गाडीत ठेवून ये."

आमच्याकडे केळ्याशिवाय पूजा मांडत नाहीत, हे त्याला सांगावं असं मनात आलं, पण सांगितलं नाही. चढ चढून केळी गाडीत ठेवून आलो. त्या दिवशी मी त्याचं काहीही ऐकलं असतं.

सकाळभर आम्ही प्रवाहाबरोबर हळूहळू खाली जात राहिलो. मेपलची लाल पानं पाण्यावर तरंगत होती. दर फेकीला गळाला एखादं पान लागून यायचं. तो पुढच्या टोकाला, मी मागच्या. तो फार बोलला नाही. फक्त मधूनमधून, "हळू ओढ," "थांबव, बुडू दे, आता ओढ." बोटं इतकी गारठली होती की रीळ फिरतंय की नाही ते बघून समजायचं. मी तीन-चार वेळा विचारायला तोंड उघडलं आणि प्रत्येक वेळी तो नेमका रॉड उचलून फेकायचा. मला वाटलं, आधी एक मासा लागू दे. मासा लागला की त्याचा मूड बरा होईल, मग विचारावं.

अकराच्या सुमाराला गवत संपतं त्या वळणावर माझा चमचा अडकला. ओंडकाच असणार म्हणून मी ओढला. ओंडका बाजूला सरकला.

"लागला!" मॅनेजर उठून उभा राहिला. "दोरी सैल सोडू नकोस! पळू दे त्याला, पळू दे!"

त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही. रॉड वाकली, रीळ किरकिरायला लागलं, दोरी एकदा होडीखाली गेली आणि तो ओरडला, "रॉडचं टोक पाण्यात घाल!" मी घातलं. किती वेळ गेला मला माहीत नाही, पण नंतर तो म्हणाला की फार वेळ लावलास, सरावलेल्या माणसाला याच्या निम्मा लागतो. अखेर पाण्यातून ते लांबट डोकं वर आलं. हिरव्या अंगावर पिवळसर ठिपके, आणि डोळा असा, की त्यात राग नाही, भीती नाही, काहीच नाही. मॅनेजरने जाळीत घेतला, पकडीने गळ सोडवला, पट्टी लावली. छत्तीस इंच भरला.

"पहिलाच, आणि हा!" त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. उन्हाळाभरात मी एवढा खुश झालो नव्हतो. खरं सांगायचं तर मला वाटलं, झालं. आता हा मला काढणार नाही.

"घरी नेणार?" त्याने विचारलं.

"आम्ही खात नाही."

"मग सोडू." त्याने दोन्ही हातांनी मासा पाण्यात धरला. मासा कलंडला. फार दमला होता. मॅनेजर होडीच्या कडेला पालथा झाला, एका हाताने शेपटी आणि दुसऱ्याने पोट धरून त्याला पाण्यात मागे-पुढे करायला लागला, म्हणजे कल्ल्यांतून पाणी जाईल. माझ्याकडे त्याची पाठ होती.

आता विचारावं असं ठरवून मी म्हणालो, "पुढच्या कपातीचं काय आहे? मला सरळ सांग. मी घरी काय सांगू?"

तो मासा मागे-पुढे करत राहिला. मग पाण्याकडे बघतच म्हणाला, "गुरुवारी यादी आली. वरून आली, मला विचारलंच नाही कुणी. आपलं खातंच बंद होतंय. डिसेंबरात."

"सगळे?"

"सगळे. तू आहेस. ते चौघं आहेत. मीपण."

"तूपण?"

"सव्वीस वर्षं," तो म्हणाला. "सोमवारी सांगायचं होतं सगळ्यांना. त्याआधी बोलायची परवानगी नाही."

माशाने शेपटी हलवली, त्याच्या हातातून निसटला आणि तपकिरी पाण्यात दिसेनासा झाला. मॅनेजरने हात लगेच बाहेर काढले नाहीत. तसाच पालथा राहिला, मनगटांपर्यंत हात थंड पाण्यात.

"कालच ठाऊक होतं तर आज आणलंस कशाला मला?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"तुला ऑक्टोबर म्हणून सांगितलं होतं ना." तो उठून बसला, हात जॅकेटला पुसले. "उन्हाळाभर एकट्याने त्या पुलाखाली उभा राहिलास, मासा लागत नसताना. इतकं कुणी करत नाही. मी बायकोला सांगितलं, आमच्याकडचा तो इंडियन, त्याला खरंच आवड आहे."

मी नदीवर कशासाठी जात होतो ते आता सांगून कुणाचंच भलं होणार नव्हतं.

त्याने थर्मासमधली कॉफी दोन झाकणांत ओतली. मी थालीपीठाचा डबा पुढे केला. त्याने एक घेतलं, दोन्ही बाजूंनी बघितलं आणि खाल्लं. तिखट लागलं असावं, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. दुसरंही घेतलं.

"तुझ्या बायकोला माहीत आहे?" मी विचारलं.

"नाही. तुझ्या?"

"तिला एप्रिलपासूनच माहीत आहे," मी म्हणालो. आणि तसंच होतं. ती ओटा पुसत होती त्या रात्रीच तिने सगळं पाहून घेतलं होतं. त्यानंतर सहा महिने तिने मला अडवलं नाही, एवढंच. दर शनिवारी मी कुठेतरी जातोय, काहीतरी करतोय, याचा तिला आधार नव्हता, तो मला होता. आता घरी गेल्यावर ती विचारणार, काय म्हणाला तो, आणि मी सांगणार. मग ती विचारणार, आता काय करायचं. जूनपासून या प्रश्नाला माझ्याकडे एक उत्तर असायचं. रॉड उचलायची आणि गाडीत बसायचं. ते वेडगळ होतं पण उत्तर होतं. अर्ज मी उन्हाळ्यातही पाठवले होते. ज्यांची उत्तरं आली त्यांनी नाही म्हटलं होतं, बाकीच्यांची आलीच नव्हती. ते चौघं आणि हा सव्वीस वर्षांचा, हेही आता त्याच गावात, त्याच कारखान्यांत, त्याच दारांसमोर माझ्यापुढे उभे असणार होते, आणि त्यांचे उच्चार बरोबर होते.

"परत फिरू या?" मॅनेजरने विचारलं.

मी घड्याळ बघितलं. बाराही वाजले नव्हते. "तुला घाई आहे?"

"मला कसली घाई?"

त्याने होडी वळणाच्या वरच्या अंगाला नेली आणि मोटर बंद केली. वारा सुटला होता. तो पुढच्या टोकाला बसला, मी मागच्या. त्याने चमचा फेकला, मग मी फेकला. गळाला पान आलं. मी ते काढलं, बोटांवर फुंकर मारली आणि पुन्हा फेकला. माझी फेक आता सरळ जात होती, गवताच्या अगदी कडेला, जिथे टाकायची तिथे. मासा लागेल असं मला वाटत नव्हतं आणि लागावा अशी इच्छाही नव्हती. ऊन कलेपर्यंत आम्ही दोघं तसेच फेकत राहिलो, कारण घरी जायचं कसं हे दोघांनाही ठरवता येत नव्हतं.